सुट्टे

ओझेल टिब्स रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायचा
आणि माझ्या काउंटरवर बोटं वाजवत उभा राहायचा.
मी मिरजेची. वडील तंबोऱ्याची जवारी लावायचे,
घोडीवर दोरा सरकवत, श्वास रोखून,
त्यामुळे रांगेतल्या माणसाची बोटं मला ऐकू येतात.
विचारलं, सात मात्रा का?
म्हणाला, मोजू नकोस बाई.
फेब्रुवारीतल्या पहिल्या गुरुवारी व्हर्नीसच्या गॅरेजमध्ये ये.
खुर्ची घरून आण.

टोलेडोत फेब्रुवारी म्हणजे नदीसुद्धा तोंड मिटून बसते.
गॅरेजात एक हीटर, चौदा म्हातारी माणसं,
ओले बूट भिंतीपाशी,
आणि मधोमध, इस्त्रीच्या टेबलावर, ती तबकडी:
ब्लू हेरन क्लब, डॉर स्ट्रीट, एकोणीसशे एकसष्ट,
टेनर सॅक्सोफोनवर क्लिओफस रेंडर.
वर्षातून एकदाच लावायची. एकच बाजू.

त्याच्या आवाजाला जवारी होती.
मी मांडीवर सम शोधत राहिले;
सापडली म्हणेपर्यंत ती उठून
पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसायची.

मग चौथ्या मिनिटाला पियानो थांबतो.
(आर्डिस मेह्यू दम घेतेय, म्हणतात.
व्हर्नीस म्हणते, दम कसला, सिगरेट.)
त्या पोकळीत, मागे कुठेतरी,
गल्ल्याची घंटी वाजते.
टिंग.
कुणीतरी बिल भरून निघालंय.
आणि रेंडर तोच स्वर उचलतो,
फुटपाथवर पडलेलं नाणं
चाल न मोडता कुणी उचलावं तसा,
आणि पुढची सहा मिनिटं त्या एका नाण्यावर चालवतो.

ब्लू हेरन आता नाही. रस्त्याची ती बाजूच नाही.
रुंदीकरण म्हणून पाडली, मग गवत लावलं.
खोली उरलीय ती एवढीच, बारा इंचांची:
ग्लासातला बर्फ, एक खोकला, कुणाची तरी कुरकुरणारी खुर्ची.
दार डावीकडे होतं की उजवीकडे, यावर दरवर्षी भांडण.
रेकॉर्डिंग मोनो आहे. त्यात डावं-उजवं नसतंच.
म्हणून तर ज्याला त्याला आपली खुर्ची
हवी तिथे मांडता येते.

क्लबात जागा सत्तर माणसांची.
त्या रात्री मी तिथे होतो म्हणणारे
मला एकटीलाच आजवर एकशेदहा भेटलेत.
टिंग झाली की रिवाज असा,
कुणीतरी हात वर करून म्हणायचं: ते माझं बिल.
पडताळणी नाही.
एका वर्षी पोस्टमन ग्रेडी म्हणाला,
जो तेव्हा आईच्या पोटात होता.
आईने भरलं असेल, व्हर्नीस म्हणाली. मान्य झालं.

मध्ये एका कंपनीने तीच तबकडी धुऊनपुसून नव्याने काढली.
खोकला गेला, खुर्ची गेली, टिंगही.
ओझेलने हौसेने आणली, अर्धी ऐकली,
आणि गोळ्या संपल्या नसताना दुकानात येऊन म्हणाला,
पैसे न देताच गेलं गं कुणीतरी.

या फेब्रुवारीत खुर्च्या तेरा.
त्याच्या नावाची बाटली अजून माझ्या फळीवर,
दहा दिवसांनी परत कपाटात टाकायचा नियम आहे,
आज चोविसावा.
पियानो थांबला.
टिंग.
कुणाचाच हात वर गेला नाही.
हीटर एकदा खरखरला.
मग एक हात वर गेला, तो माझा होता,
जन्म एकोणऐंशीचा, मिरजेच्या सरकारी दवाखान्यातला.

ते माझं बिल.

किती झालं होतं? सुईवरची नजर न काढता व्हर्नीस.
दोन डॉलर दहा सेंट.
ओझेल दरवेळी हाच आकडा सांगायचा.
आणि दिलेस किती?
पाच. घाईत होते.

तेवढ्यात रेंडर तो स्वर घेऊन निघाला,
गल्ल्याला वळसा घालून, दाराबाहेर,
ज्या कुठल्या बाजूला ते होतं त्या बाजूने, बर्फात,
अहो, थांबा,
तुमचे सुट्टे राहिले.